हिरवळीवर पाय नको

ड्वेन केलरच्या हिरवळीवर मी आजवर एकदाच पाय ठेवला, तोही त्याच्या बायकोला अँब्युलन्सपर्यंत न्यायला मदत करताना. त्या वेळी तो काय बोलला ते आधीच सांगून टाकते, म्हणजे 'कॉनी, तू शेजाऱ्याबद्दल फार वाईट बोलतेस' असं नंतर कोणी मला ऐकवणार नाही. मार्लीनचं तोंड वाकडं झालं होतं, डावा हात लुळा पडला होता आणि हा गृहस्थ दारात उभा राहून म्हणाला, "स्ट्रेचर सिमेंटवरून न्या. आज सकाळीच पेरलंय."

मार्लीन त्या खेपेला वाचली. दोन वर्षांनी गेली, आणि तीही नेमकी सप्टेंबरात. दफनानंतर लोक जेवायला घरी आले तर मागच्या अंगणाला चारी बाजूंनी सुतळी बांधलेली आणि तिला इवलीशी पिवळी निशाणं लावलेली. काळ्या कपड्यातली म्हातारी माणसं हातात बश्या घेऊन गॅरेजच्या भिंतीला चिकटून उभी होती. मला वाटलं होतं, निदान त्या दिवशी तरी त्याला लाज वाटेल.

आमच्या ओहायोच्या या कोपऱ्यात उन्हाळ्यानं होरपळलेलं गवत सप्टेंबरच्या गारव्यात पुन्हा जीव धरतं. मग जो तो थोडीफार धावपळ करतो. जमिनीला भोकं पाडणारं यंत्र भाड्यानं आणायचं, बी फेकायचं, खत टाकायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं, आणि कोंब वर येईपर्यंत त्यावर पाय द्यायचा नाही. माझा नवरा सॅल बियांची एक पिशवी उधळतो, दोनदा पाणी मारतो आणि फुटबॉल बघायला बसतो. गवत येतं तेवढं येतं. ड्वेनचं तसं नाही. त्याचं ते व्रत आहे, आणि या व्रताचा उपास घरातल्या बाकीच्यांना घडतो.

त्याची मुलगी क्रिस्टा लहान असताना मागे एक झोपाळा होता. झोका थांबवायला पोर पाय घासायची, म्हणून खाली दोन टकलं पडली. एका शरदात ती शाळेत गेलेली असताना ड्वेननं झोपाळा उपटला आणि तिथे बी पेरलं. संध्याकाळी ती पोर दप्तर घेऊन त्या जागेसमोर कितीतरी वेळ उभी होती. रडली नाही. त्या घरात कशाकशासाठी रडायचं नाही, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

आमच्या तीन घरांच्या मागच्या अंगणांना मध्ये कुंपण नाही. एका बाजूला मी, मधे ड्वेन, पलीकडे आयरीन पावलिक. आयरीननं आयुष्यभर शाळेची बस चालवली, क्रिस्टाला शाळेत नेणारी-आणणारी तीच. आता एकटीच असते. तिच्या अंगणात भलाथोरला मेपल आहे आणि त्याखाली गवत म्हणून जे काही आहे त्यात निम्मी तिपानी, म्हणजे क्लोव्हरचं तण, निम्मी जांभळी रानफुलं. ऑक्टोबरात मेपलची पानं वाऱ्यानं ड्वेनकडे जायची. तो ती यंत्रानं फुंकून पुन्हा तिच्या हद्दीत लोटायचा, अगदी रेघ आखल्यासारखी. आयरीन हसून म्हणायची, "माझीच आहेत, घरी आली."

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी क्रिस्टा बापाकडे आली. मी माझ्या बाजूला शेवटचे टोमॅटो तोडत होते. कान मिटता येत नाहीत, त्याला मी काय करू?

"डॅड, मला इथे मागच्या अंगणात लग्न करायचंय. मॉमला तसंच हवं होतं."

"कधी?"

"ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी."

"तेव्हा गवत कोवळं असतं."

"मग यंदा पेरू नकोस."

हे त्याला समजलंच नाही. त्यानं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाला, "मे महिन्यात कर."

"मेमध्ये तू तणाचं औषध मारतोस. जूनमध्ये खत. जुलैत ऊन असतं म्हणून चालायचं नाही. डॅड, तुझ्या गवताला सवड कधी असते ते तूच सांग, मी त्या दिवशी लग्न करते."

कोणीही शहाणा माणूस इथे ओशाळला असता. ड्वेननं हनुवटी खाजवत खरोखर विचार केला. "नोव्हेंबरच्या अखेरीला चालेल," तो म्हणाला. "बर्फ पडायच्या आत उरकायचं मात्र."

हे ऐकून आयरीन स्वतःच आली आणि क्रिस्टाला म्हणाली, "बाळ, माझ्याकडे कर. गवत नसेल, पण जागा आहे. आणि माझ्या तिपानीवर कोणीही नाचावं."

क्रिस्टाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बापाकडे वळून एकच गोष्ट मागितली. "मग तू एवढंच कर. मिसेस पावलिकच्या मागच्या पायऱ्यांपासून मेपलपर्यंत माझ्याबरोबर चालत ये. बाकी काही नको."

"बघू," ड्वेन म्हणाला.

एकुलत्या एका मुलीला हा माणूस 'बघू' म्हणाला. तरी ती खुलली. इतक्या थोडक्यावर खुलायची सवय तिला त्यानंच लावली होती. पुढे महिनाभर ती फोनवर मला हेच विचारायची, "कॉनी आंटी, डॅड काही बोलला का? येईल ना तो?" मी म्हणायचे, येईल. मला तो नको होता, पण तिला हवा होता.

ड्वेनला काळजी होती ती वेगळीच. कुंपण नाही, म्हणजे पाहुणे इकडे सरकणार. पोरं पळणार. कोणी तरी खुर्ची त्याच्या हद्दीत ओढणार. त्यानं सुतळी दुहेरी केली. मग आयरीनकडे जाऊन म्हणाला, "अग्निशामक दलाचा हॉल रिकामा आहे त्या दिवशी. मी विचारून ठेवलंय."

"छान," आयरीन म्हणाली. "तिथे आग लागली तर सोय आहे."

लग्नाला दोन आठवडे असताना रविवारी सकाळी मी आयरीनला नेहमीसारखी चर्चला घेऊन गेले. परत आलो तेव्हा ड्वेन गॅरेजच्या दारात फवारणीचा पंप धूत होता. आम्हाला बघून त्यानं हात हलवला. तो कधी आपण होऊन हात हलवत नाही. गाडीत आयरीन म्हणालीसुद्धा, "बघ, मुलीच्या लग्नानं माणूस जरा मऊ झाला."

दुसऱ्या आठवड्यात आयरीनचं अंगण पिवळं पडू लागलं. सगळं नव्हे. मागच्या पायऱ्यांपासून मेपलपर्यंत, जिथून नवरी चालत जाणार होती तेवढाच रुंद पट्टा. बुधवारपर्यंत तो तपकिरी झाला. तिपानी, रानफुलं, गवत, सगळं जळल्यासारखं आडवं. आयरीन पायरीवर बसून होती. "मी पोरीला शब्द दिला होता," ती सारखी म्हणत होती.

ड्वेन आला. उकिडवा बसला, चिमटीत माती घेतली, वास घेतला. डॉक्टरचा आव आणावा तर त्यानंच. "बुरशी आहे," तो म्हणाला. "वाईट जात आहे. लोक यावर चालले तर बुटांना लागून सगळीकडे पसरेल. हॉलमध्ये करा."

आयरीननं तिथूनच क्रिस्टाला फोन लावला. पलीकडून काय आलं ते तिनं आम्हाला तिथेच सांगितलं. "मग तपकिरी जमिनीवर लग्न करू. डॅड येणार असला की झालं." हे ऐकून ड्वेन तोंड पाडून घरी गेला, आणि आम्ही दोघी शेजारपाजारच्या बायकांना फोन करायला बसलो. ज्याच्या घरात जो गालिचा असेल तो त्यानं शुक्रवारी घेऊन यायचं ठरलं.

आमच्याकडे लग्नाचा केक कोणी आठवत नाही, कुकींचं टेबल आठवतात. नवरीच्या आत्या, मावश्या, शेजारणी आठवडाभर भाजत बसतात. शुक्रवारी पहाटे मी अक्रोडाच्या सुरळ्यांची शेवटची तबकं मागच्या ओसरीवर गार करायला ठेवत होते, आणि ड्वेनच्या हिरवळीकडे नजर गेली. तिच्यावर पानं पडलेली होती. आयरीनच्या मेपलची लाल पानं, त्या गवतावर, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून कॉफी पीत उभा.

"ड्वेन, तुझं यंत्र बिघडलं की तू?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "कुजून खत होतं पानांचं."

तीस वर्षं हेच आम्ही त्याला सांगत होतो आणि तो आम्हाला आळशी म्हणत होता. मी आत जाऊन सॅलला सांगितलं. सॅल म्हणाला, "आजारी असेल." मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि त्याची दया आली. ती दया मला अजून परत हवी आहे.

शनिवारी सकाळी क्रिस्टा नटायला बापाच्या घरी आली, तिच्या जुन्या खोलीत. ड्वेन वर दाढी करत होता. मी तबकं आयरीनकडे पोचवायला निघाले, तेवढ्यात क्रिस्टा गॅरेजमधून दाताळं घेऊन बाहेर आली. केसांना गुंडाळ्या, अंगात घरातला झगा.

"अगं, हे काय? आज?" मी म्हटलं.

"डॅडला वेळच मिळालेला दिसत नाही, कॉनी आंटी. इतकी पानं! त्याचं लक्ष सगळं इथे लागून राहील. काढून टाकते, त्याला बरं वाटेल." मग तिनं सुतळीपाशी सपाता काढल्या आणि अनवाणी आत गेली. कोवळं गवत दबू नये म्हणून.

पानं कशीही पडलेली नव्हती. मूठमूठभर, सारख्या अंतरावर, डावीकडे एक ढीग, उजवीकडे एक. तिनं पहिला ढीग ओढला. खाली मेलेल्या गवताचा बूट होता. टाच, तळवा, चवडा, सगळं स्वच्छ तपकिरी, भोवती हिरवंगार. तिनं दुसरा ढीग ओढला. दुसरा बूट. ती भराभर ओढत गेली, आणि एकेक पाऊल उघडं पडत गेलं, गॅरेजकडे जाताना पुसट होत होत अगदी दारापर्यंत. मग तिनं मागे वळून दुसरं टोक बघितलं. ते आयरीनच्या तपकिरी पट्ट्यात जाऊन मिळत होतं.

जे औषध सगळंच मारतं, ते ओल्या बुटांना लागलं की पाय पडेल तिथलं गवत जातं. याच गोष्टीवर ड्वेननं सॅलला एकदा उन्हात उभं करून भाषण दिलं होतं. क्रिस्टा तर अशी भाषणं ऐकतच मोठी झाली होती. तिला कोणी काही समजावून द्यायची गरज नव्हती. रविवारी आम्ही चर्चला गेल्यावर काय झालं ते तिथे बुटाच्या मापासकट लिहिलेलं होतं.

तेवढ्यात ड्वेन सूट घालून, टाय सारखा करत गॅरेजच्या दारात आला. आणि त्याच्या तोंडून जे निघालं, ते त्याच्या सगळ्या आयुष्यातून निघालं.

"तू गवतावर का उभी आहेस?"

क्रिस्टानं त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "पानं काढत होते, डॅड. तुझ्यासाठी."

मग त्याला खालचं दिसलं. तो काही तरी बोलायला गेला, बुरशी म्हणाला की काय देव जाणे. तिनं दाताळं जपून आडवं ठेवलं, दाते खाली करून, त्यानंच शिकवल्याप्रमाणे. "तू माझ्याबरोबर चालत येऊ नकोस," ती म्हणाली. सुतळी ओलांडून तिनं सपाता घातल्या, आणि माझ्या हातातलं एक तबक घेऊन ती आयरीनकडे गेली.

लग्न झालं. चांगलं झालं. गालिच्यांवर गालिचे, कोणाच्या दिवाणखान्यातला, कोणाच्या पलंगाखालचा, आणि त्यावरून क्रिस्टा आयरीनचा हात धरून मेपलपर्यंत गेली. आयरीननं चर्चचा निळा कोट घातला होता. आलेल्या प्रत्येकानं शेजारच्या हिरवळीवरची ती पावलं बघितली, आणि आमच्या गावात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पावलांच्या दुसऱ्या टोकाला, गॅरेजच्या दारात, सूट घातलेला तो उभा होता. शेवटपर्यंत उभा होता. सॅल म्हणाला, "एक बशी नेऊन देऊ का त्याला?" मी म्हटलं, "नको. गवत तुडवावं लागेल."

आता बी पेरायचे दिवस संपले. थंडी पडली की काही उगवत नाही, म्हणजे ती पावलं वसंतापर्यंत तशीच राहणार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज दिसतात. सगळी घराकडे येणारी, कारण जाताना त्याचे बूट कोरडे होते.

नोव्हेंबरच्या अखेरीला, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, क्रिस्टा नवऱ्याला घेऊन आयरीनकडे जेवायला आली. ड्वेन मागच्या खिडकीत उभा होता. त्यानं सुतळी काढून टाकली होती, निशाणंही. मला वाटतं, ती या बाजूनं येईल असं त्याला वाटलं असावं. ती रस्त्यानं आली आणि रस्त्यानंच गेली. त्या गवतावर तिनं पाय ठेवला नाही. तो तिला लहानपणापासून तेच सांगत आला होता.