मागे येणारं रक्त

माझं काम माशांच्या हृदयाचं. आमच्या प्रयोगशाळेतल्या झेब्रा माशाचा गर्भ काचेसारखा असतो, आतलं सगळं दिसतं. हृदय सुरुवातीला नुसती नळी. ती धडधडायला लागते, पण झडप नसल्यामुळे पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं. नळी जिथे अरुंद असते तिथल्या पेशींना त्या ये-जा करणाऱ्या रक्ताचा रेटा बसतो, त्या आत वळतात आणि त्यांचीच झडप होते. रक्त मागे आलंच नाही, तर झडप धड बनत नाही.

हे मी धाकट्या बहिणीला मोबाईलवर व्हिडिओ दाखवून सांगितलं, तेव्हा तिला दिवसही गेलेले नव्हते. माशांची आई म्हणून माझी थट्टा करून झाली, विषय संपला.

पुढे पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची झडप गळतेय अशी शंका आली. डॉक्टरांनी हृदयाची वेगळी तपासणी सांगितली. राजोडीला, गावच्या आमच्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. आईने नवस केला, मूल हातात येईपर्यंत मासे बंद. सुक्या बोंबलाशिवाय जिला पेज जात नाही, तिने! निवांत होती ती फक्त बहीण. तुझ्या माशांचं रक्त नाही का येत मागे, म्हणायची, बनतेय झडप. मी समजवायला तोंड उघडलं की उठून जायची. मला अस्सा राग यायचा, आणि तितकीच भीतीही वाटायची.

तपासणीला मीच सोबत गेले. पडद्यावर रक्त लाल-निळं दिसत होतं. डॉक्टर तिच्या पोटावर यंत्र फिरवत होते. बहीण पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येक ठोक्याला एक बारीक निळी रेघ उलटी येत होती.

"मागे येतंय ना?" तिने विचारलं. मी मान डोलावली. "म्हणजे बनतेय अजून."

आता गप्प राहणं मला जमेना.

"नाही गं. बाळाची झडप केव्हाच बनून झाली. ही गळतेय."

डॉक्टरांचा हात थांबला. गळती आहे, ते म्हणाले, आज थोडी आहे, वाढते का ते बघत राहावं लागेल, आणि बाळंतपण मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातच करायचं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. रिक्षात बसेपर्यंत रडली नाही.

घर जवळ आलं तशी तिने माझा हात घट्ट धरला.

"आईला आज नको सांगूस," ती म्हणाली. "तिला वाटेल, तिच्या नवसातच काहीतरी कमी पडलं."