तांदळाचा तांब्या

मामा तांब्यात कोरडे तांदूळ भरायचे, त्यात सुरी खुपसायचे आणि सुरीच्या नुसत्या मुठीला धरून अख्खा तांब्या अधांतरी उचलायचे. ते हिंगोलीला आमच्या घरी आले की आम्ही भावंडं हा खेळ दाखवा म्हणून त्यांच्यामागं लागायचो. पुढं त्यांनी मला त्यातली गोम सांगितली. तांब्या निमुळत्या गळ्याचा घ्यायचा. तांदूळ काठोकाठ भरायचे, अंगठ्यानं दाबायचे, पुन्हा भरायचे. मग सुरी खुपसायची, काढायची, परत खुपसायची. दाणे एकमेकांत अडकत जातात आणि शेवटी सुरीच घट्ट आवळून धरतात. यात मंत्र नाही की तंत्र नाही.

लग्न होऊन मी आखाडा बाळापूरकडच्या एका गावात आले. दुसऱ्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत माझ्या चुलत दिराची दुभती म्हैस मेली. पाठोपाठ त्याच्या घरात दोरीवरच्या लुगड्यानं पेट घेतला. ही भानामती आहे, असं गावात बोललं जाऊ लागलं. दिरानं बाहेरगावचा एक मांत्रिक आणला.

त्या दुपारी नवरा माल घेऊन हिंगोलीच्या मार्केटला गेला होता. सासूबाई आणि मी खळ्यावर हळद पसरत होतो. पारावरून ओरडा आला म्हणून मी धावत गेले. माझी चुलत सासू पारासमोर मातीत बसलेली होती. तिला आम्ही काकू म्हणायचो. नवरा वारल्यावर शेळ्या पाळून एकटी राहायची. दिराची ती सख्खी चुलती, पण शेताच्या धुऱ्यावरून दोघांचं जुनं भांडण होतं. तिचा अंबाडा सुटला होता आणि केस एका माणसाच्या मुठीत होते.

मांत्रिकापुढं तांदळाचा तांब्या होता. ज्याच्या नावानं तांब्या उठेल त्याची करणी, असं त्यानं सांगितलं होतं. आधी दुसऱ्या दोन बायांची नावं घेतली, तांब्या उठला नाही. मग काकूचं नाव घेऊन तो पुटपुटत बराच वेळ सुरी खुपसत बसला. मला ते बघता क्षणीच कळलं. तांब्या उठला.

पहिला फटका दिरानं घातला, बाभळीच्या दांड्यानं. मग आणखी तिघं तुटून पडले. काकू ओरडली नाही, नुसतं डोकं झाकून घेत राहिली. तिच्या तोंडातून रक्त मातीत गळत होतं. कुणीतरी तिच्या पाठीत लाथ घातली आणि ती तोंडावर पडली.

मी मधे शिरले. हा लेकरांचा खेळ आहे, मलाही येतो, म्हणाले. तांब्या ओढून घेतला, तांदूळ ओतले, पुन्हा भरले, दाबले. सुरी खुपसली, काढली, परत खुपसली. आणि तांब्या उचलला.

मला वाटलं, आता हे थांबतील. मांत्रिक काकूकडं बोट करून शांतपणे म्हणाला, "पाहा, हिनं हिलाबी शिकवलंय."

कानशिलावर बसली ती कुणाची, मला आजही माहीत नाही. डाव्या कानात शिट्टी वाजली. पदर ओढला गेला, केस धरून कुणीतरी फरफटत नेलं. दांडा येताना दिसला म्हणून मी हात वर केला आणि हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. दांडा धरलेला माणूस माझा दीर होता. चार दिवसांपूर्वी माझ्या हातचा चहा पिऊन गेलेला.

मग सासूबाई आल्या. त्या फार बोलायच्या नाहीत. दोन वर्षांत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या असतील. भावकीत मोठ्या म्हणून माणसं थोडी मागं सरली. त्यांनी मला उचललं नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. तांब्या घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "कसं करायचं, सांग पोरी."

मी पडल्या पडल्या सांगत गेले. त्या दाबत गेल्या, खुपसत गेल्या. दोनदा सुरी सुटून आली. तिसऱ्यांदा तांब्या उठला. त्यांनी तो रिकामा करून दिरापुढं ठेवला. "आता तू कर. तुला कुणी शिकवलं ते मग पाहू."

त्याला नाही म्हणता येईना. सगळं गाव बघत होतं. सासूबाई सांगतील तसं तो करत राहिला आणि त्याच्याही हाती तांब्या उचलला गेला. तो तसाच धरून उभा राहिला.

मांत्रिक पिशवी उचलून निघाला होता. लोकांनी त्याला वेशीजवळ गाठलं. तेच दांडे, तीच माणसं. त्याच्या भुवईवरची कातडी फाटून डोळ्यावर लोंबली होती आणि मारणारे थांबत नव्हते. मला बरं वाटत होतं. थांबवलं काकूनं. भिंत धरत धरत ती तिथवर गेली आणि फुटक्या ओठांनी म्हणाली, "मारू नका. हा मेला त मी केस कुणावर करू?"

पोलिसांची गाडी संध्याकाळी आली. काकूनं मांत्रिकाचं नाव सांगितलं, मग पुतण्याचं, मग बाकीच्या तिघांची. भावकीतले लोक रात्री मिटवायला आले, तर तिनं दार उघडलं नाही.

केस अजून चालू आहे. सगळे जामिनावर बाहेर आहेत आणि आमच्याच गल्लीत राहतात. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं. काकूनं गाव सोडलं नाही. तिच्या शेळ्या दिराच्या दारावरूनच चरायला जातात.

परवा भावकीत लग्न होतं. काकू आणि मी शेजारी शेजारी जेवायला बसलो. दीर वरणाची बादली घेऊन वाढत आला आणि माझ्यासमोर थांबला. "वाढू का?" त्यानं विचारलं. मी पत्रावळीवर आडवा हात धरला. काकूनं मात्र आपली वाटी पुढं केली, वरण घेतलं, आणि कोर्टाच्या तारखेला यायला विसरू नको, म्हणून त्याला बजावलं.