दुसऱ्या गिअरमध्ये रोह्यापर्यंत

मेधाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. “आत्या, आई उठत नाय गो,” एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मेधा नर्स आहे. उठत नाही म्हणजे काय, ते तिला माझ्याआधी कळलं होतं. रोह्याहून पूल ओलांडला की अष्टमी. रिक्षाची वाट न बघता मी चालत सुटले. वहिनी झोपेत गेली होती, स्वतःच्या खाटेवर, शांतपणे. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. आता महिना होत आला, तरी मला त्या मरणाचं नवल वाटतं. माझ्या भावाच्या हातून ती एक दिवस मरणार, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते...

वहिनी म्हणजे नलिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं माहेर हमरापूरचं, घरचा धंदा गणपतींचा. ती लग्न होऊन आली आणि वर्षभरात आमच्या वडिलांनी डोळ्यांची आखणी तिच्याकडे सोपवली. सगळी मूर्ती रंगवून झाली की शेवटी बारीक कुंचल्यानं डोळे आखायचे, ते काम. तिचा हात कधी हलला नाही. हात चालायचा तो दादाचा. दादा प्यायचा नाही. प्यायला असता तर निदान लोकांना कारण सांगता आलं असतं. लहानपणी त्यानं माझा दंड पिरगळून मोडला होता आणि आईनं हाड बसवणाऱ्याला, पोर पेरूच्या झाडावरून पडली, असं सांगितलं होतं. वहिनीला त्यानं पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात. ओली मूर्ती उचलून तिच्या छातीवर घातली. त्यानंतर फळी, पाण्याचा पाइप, इस्त्री, जे हाताला लागेल ते. मारताना तो ओरडत नसे. शेजारी भिंतीला भिंत लागून असलेल्यांनाही फक्त आपटल्याचा आवाज यायचा.

वडील गेल्यावर त्यांनी जुनीच घेतलेली लाल गाडी मागे राहिली. दादाला ती चालवायचा कंटाळा, म्हणून वहिनी शिकली. पेणहून वडखळ, नागोठणे करत छोट्या मूर्ती रोह्याच्या दुकानांत पोचवायची, जाता-येता माझ्याकडे चहा घ्यायची. गाडीनं मात्र दोन खोड्या सुरू केल्या. कधी गिअर पडायचा नाही, पहिला टाकायला गेलं की दात खाल्ल्यासारखा करकरायचा. आणि कधी चावी फिरवली की स्टार्टर नुसता कण्हायचा, इंजिन पकडायचं नाही. पेणच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तेवढे पैसे तिच्याकडे कुठले? तिनं इंजिन बंद ठेवून गिअर टाकून बघितले. सगळे लोण्यात सुरी जावी तसे गेले. इंजिन चालू केलं की पुन्हा करकर. “म्हणजे गिअरचा डबा चांगला हाय, वन्सं,” ती मला म्हणाली. “क्लच सोडत नाय नीट.” क्लचच्या केबलला टोकाशी नट असतो, तो सैल झाला होता. तिनं पाना घेतला आणि आवळला. न पेटण्याचं कारणही सापडलं: इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज जळलेला. नवा घातला, गाडी सुरू.

पण महिनाभरात नट पुन्हा सैल, फ्यूज पुन्हा जळलेला. त्या वर्षी मी मदतीला हमरापूरला गेले होते. तिनं जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून घेतल्या होत्या. फ्यूजच्या जागी तो बल्ब लावायचा आणि गाडीतली एकेक वायर धरून हलवायची. जिथं सोललेली असेल तिथं बल्ब भककन पेटणार. मी सीटवर बसून बल्बकडे बघत होते आणि ती बॉनेटखालून विचारत होती, “पेटला?” “नाय.” “आता?” “नाय गो.” सगळी गाडी चाचपून झाली. ती हात पुसत उभी राहिली, दंडावर पिवळा पडत आलेला जुना वळ. “वायरिंगमध्ये काय नाय,” एवढंच म्हणाली. मग शेडमधला आखणीचा कुंचला घेऊन आली. नट आणि त्याखालची पट्टी यांच्यावरून एक सलग लाल रेघ ओढली, आणि प्रत्येक फ्यूजच्या बुडाला मोहरीएवढा लाल ठिपका दिला. मी विचारलं तर म्हणाली, “बघू तरी.”

पुढच्या फेरीला भिसे खिंडीच्या चढावर, मागे ट्रक असताना, गाडी बंद पडली आणि पुन्हा गिअर घेईना. गाडी मागे घरंगळली. हँडब्रेक ओढून तिनं ती दगडी कठड्यावर घातली म्हणून वाचली. मागच्या सीटवरच्या मूर्तींचा चुरा झाला. घरी पोचल्यावर दादानं त्या मूर्तींपायी तिला असं मारलं की दोन दिवस तिला पाणी गिळता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं बॉनेट उघडलं. रेघ तुटली होती. नटावरचा अर्धा भाग एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे. त्यानंतर काही दिवसांनी गाडी पेटली नाही तेव्हा तिनं फ्यूज उपसला. तो जळका होता, आणि त्याच्यावर ठिपका नव्हता. तिचा चांगला फ्यूज काढून कोणीतरी जळका बसवला होता.

तिनं मला फोन केला. “दोष सापडला, वन्सं. तुमच्या भावाच्या हातात हाय.”

मला आधी कळेचना. तिला अडवायचंच तर चावी काढून घ्यायची, इतका खटाटोप कशाला? तीच म्हणाली, चावी काढून घेतली तर गावाला दिसेल. गाडी बिघडली की दोष गाडीचा, नाहीतर चालवणाऱ्या बाईचा. आणि बिघडलेल्या गाडीसाठी पुन्हा मारता येतं... मी म्हटलं, “वहिनी, आजच्या आज निघ.” ती म्हणाली, “हंगाम होऊ दे. ऑर्डरी घेतल्यात.” मेधा तेव्हा पनवेलला नर्सिंगच्या हॉस्टेलवर होती. वहिनीनं एक चांगला फ्यूज पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि काम करत राहिली.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, एकदाच, आणि अगदी सपाट आवाजात. हंगाम संपला होता. रोह्याच्या एका दुकानदारानं पैसे तिच्या हातात दिले, दादाच्या नाही, एवढंच कारण. दुपारी ती गाडीतून सामान काढत असताना त्यानं तिचा उजवा हात गाडीच्या चौकटीवर धरला आणि दार लोटलं. मग ते उघडून पुन्हा लोटलं. तीन बोटं चिरडली. त्यानंतर तो मोरीवर गेला, हात धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, “वाढ.”

तिनं वाढलं. डाव्या हातानं भात वाढला, आमटी घातली. उजवा हात पदरात गुंडाळलेला, पदरातून थेंब पडत होते आणि तो जेवत होता. मग ती बाहेर आली. त्यानं मान वर केली नाही, कारण गाडी निघणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिनं दातांनी गाठ सोडली, फ्यूज बसवला. क्लच दाबून बघितला तर तोही सैल. पण नट आवळायला दोन हात लागतात. तिनं बंद इंजिनावरच दुसरा गिअर टाकला आणि तशीच चावी मारली. क्लच सोडत नसला तरी स्टार्टर गाडीला ढकलतो, हे ती गाडी चाचपताना शिकली होती. गाडीनं उडी घेतली आणि चालू लागली. दादा भातानं भरलेला हात घेऊन मागे धावला. आरशात तो दिसला, म्हणाली, आणि पहिल्यांदाच ओरडताना ऐकला.

रोह्यापर्यंत तिनं गिअर बदलला नाही. वडखळच्या नाक्यावर थांबावं लागलं, तेव्हा चावी बंद करून थांबली आणि पुन्हा तशीच झटका देऊन निघाली. आमच्या गल्लीत मला आधी इंजिनाचा आक्रोश ऐकू आला. मी दार उघडलं तेव्हा गाडी आमच्या कुंपणाला टेकून थांबली होती आणि सीटपासून खाली सगळं रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. त्यानं आधी गाडीची पुढची काच टॉमीनं, चाक खोलायच्या लोखंडी दांड्यानं, फोडली, मग बाजूच्या, मग दिवे. गल्ली बघत होती. “बाहेर काढ तिला,” तो मला म्हणाला. मी फाटकात उभी राहिले. त्यानं माझ्या कानशिलात मारली. त्या कानात अजून शिट्टी वाजते. तेवढ्यात वहिनी आतून आली, हाताला बँडेज, माझ्या पुढे येऊन उभी राहिली. “त्यांना हात लावू नका. मला मारा, मारायचं तर. पन आज सगळ्यांसमोर मारा.” तो लोकांकडे बघू लागला. लोकही त्याच्याकडे बघत राहिले. टॉमी टाकून तो मोटारसायकलवर बसला. मी तडक पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. हवालदारानं विचारलं, “सख्खा भाऊ ना तुमचा?” मी म्हटलं, “व्हय. लिवा.”

केस लांबली, दादाला फारसं काही झालं नाही. पण वहिनी परत गेली नाही. अष्टमीत खोली घेतली, पुढे पत्र्याची शेड. उजवी बोटं वळेनात, म्हणून डाव्या हातानं आखणी शिकली. पहिल्या वर्षीचे डोळे दुकानदारांनी परत पाठवले. दुसऱ्या वर्षी ठेवून घेतले. गाडी तिनं हळूहळू स्वतःच उभी केली, काचा भंगारातून आणल्या.

नदीकाठी तिला अग्नी मेधानं दिला. दादा आला होता, लांब उभा होता, म्हातारा झालाय. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, “बाबांची गाडी चालू हाय?” त्याला दुसरं काहीच विचारायचं नव्हतं. मी म्हटलं, “हाय. मेधा चालवते.”

एक गोष्ट मात्र मी मेधालाही अजून सांगितलेली नाही. वहिनी कुठंही गेली तरी चपला दारात तोंड बाहेर करून काढायची. पाय घातले की सरळ पळता यावं अशा. माझ्याकडे सुद्धा. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि कधी बोलले नाही. त्या सकाळी अष्टमीला पोचले, दार ढकललं, तर तिच्या चपला आत होत्या. एक उंबऱ्याजवळ पालथी पडलेली आणि दुसरी पार खाटेखाली, शाळेतून आलेली मुलं भिरकावतात तशी... मेधा आईशेजारी रडत होती. मी खाली वाकले, पण त्या चपला उचलल्या नाहीत. अजून तशाच आहेत.