खुल्या दिवसाच्या दोन दिवस आधी

शर्ट आधी उलटा करायचा, मग बघायचा, हा तिचा एकवीस वर्षांचा नेम. समोरून कुठलाही शर्ट सज्जनच दिसतो. कारखान्यात तयार कपडे तपासायच्या टेबलाशी ती उभी असे. काखेतली शिवण ताणून बघे, बटण दोनदा ओढे, आणि लोंबता दोरा सापडला की कात्रीच्या टोकावर धरून असा दाखवे, जणू शिवणारीच्या घरचीच गोष्ट चव्हाट्यावर आणली. मशिनवरच्या बायका तिला पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत. हे तिला ठाऊक होतं. नाव कुणी पाडलं, हेही.

घरी आली म्हणून दुर्बीण काही खुंटीला टांगली जात नसे. डॉक्टरने गोळी बदलली की आधीच्या गोळीत काय खोट होती ते ती विचारी. शेजारीण दोन शब्द जास्त गोड बोलली की दार लावता लावता म्हणे, “हिला काय हवंय?” नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, अबोल, पण अधूनमधून टोला मारायचा.

“लग्नाआधी मलाही उलटा करून बघितलं होतंस का गं?”

“बघितलं असतं तर केलं असतं होय?”

अशा घरात मंगळवारी संध्याकाळी लेक एक गुळगुळीत कागद घेऊन आली. लेकीला सतरा पूर्ण झाली होती आणि रसायनशास्त्र शिकायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

“आई, शनिवारी विद्यापीठाचा खुला दिवस आहे. दहा ते चार. कुणीही जाऊन सगळं बघायचं.”

“म्हणजे एरवी बंद असतं?”

“आई!”

“विचारते आपलं. आणि इथे लिहिलंय चहा-नाश्ता मोफत. का म्हणून? आपण कोण त्यांचे? व्याही?”

“अगं, लोकांनी यावं म्हणून.”

“चांगल्या दुकानाला गिऱ्हाइकाला हाका माराव्या लागत नाहीत.” तिने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिला तेही आवडलं नाही.

शनिवारी जायचं तर फॉर्म भरायचा होता, आणि अठरा पूर्ण नसलेल्यांना खाली पालकाची सही हवी होती. शुक्रवारी दुपारपर्यंत फॉर्म शाळेत द्यायचा. लेकीने तो आईपुढे सरकवला. आईने चष्मा पुसला, फॉर्म घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, “बघते.”

तिचं ‘बघते’ म्हणजे काय, हे लेकीला माहीत होतं. शाळेची एक सहल अशीच ‘बघते’ म्हणता म्हणता निघून गेली होती.

आईलाही सतराव्या वर्षी कुणीतरी असंच बोलावलं होतं. शिवणकाम शिकवणारी एक संस्था निघाली होती. उद्घाटनाला सगळ्यांना हॉल दाखवला. दहा मशिनं, दहा चकचकीत दिवे, दर मशिनपुढे एक हसरी मुलगी. तिने घरी भांडून नाव घातलं, शाळा सोडली. सोमवारी गेली तर हॉलमध्ये दोन मशिनं उरली होती, त्यातलं एक पाय मारला की किंचाळायचं. बाकीची त्या दिवसापुरती आणली होती. हसऱ्या मुलीसुद्धा. चार महिन्यांत हॉलला कुलूप लागलं. शाळेत परत जायचं राहिलं ते राहिलंच. ही गोष्ट तिने लेकीला कधी सांगितली नव्हती. फसल्याची गोष्ट सांगितली की लोक कीव करतात किंवा शहाणपण शिकवतात, आणि तिला दोन्ही नको होतं.

शिवाय कारखान्यात दर वर्षी ती हेच बघत आली होती. माल घेणारी मोठी पार्टी बघायला येणार असली की आदल्या दिवशी संडासात साबण येतो, जिन्यातले खोके हलतात, सुपरवायझर बायकांना ‘ताई’ म्हणू लागतो. पार्टीची गाडी वळली की साबण परत कपाटात.

बुधवारी सकाळी लेक आंघोळीला गेली असताना तिने टेबलावरची वही उघडली. त्यात शनिवारचा सगळा बेत आखला होता. कितीची बस, कुठल्या इमारतीत कधी, कुठलं व्याख्यान. अक्षर सुरेख. पण साडेअकरा ते एक ही जागा कोरी. आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं: ‘सोबत – आत्या.’

तिने वही होती तशी ठेवली, पेनसुद्धा होतं त्याच कोनात.

दीड तास! दीड तासात मुलगी कुठे जाते? आणि आई सोडून आत्या का? नणंद भोळी. तिला कुणी म्हटलं, इथे बस, आलेच, की ती संध्याकाळपर्यंत बसेल. बरोबर न्यायला अगदी सोयीची बाई. दिवसभर शर्ट तपासताना तिच्या डोक्यात एक मुलगा तयार झाला. आधी नुसते केस, मग गॉगल, मग मोटारसायकल. सुट्टी होईपर्यंत तिने त्याला दोनदा रिजेक्ट करून टाकलं होतं.

रात्री तिने ठरवलं, पार्टी येण्याच्या दिवशी माल बघण्यात अर्थ नाही. गुरुवारी दुपारी तिने अर्धी रजा टाकली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. सुपरवायझरने विचारलं, “सगळं ठीक ना?” तिला त्या प्रश्नाचाही संशय आला.

विद्यापीठात पुढच्या फाटकावर फलक बांधणं चाललं होतं. ती वळसा घालून मागच्या बाजूने शिरली. रसायनशास्त्राच्या इमारतीमागे तुटक्या खुर्च्या होत्या, पण नीट रचलेल्या. संडासात साबण होता. तिने हातात घेऊन बघितला. झिजलेला होता, म्हणजे कालपरवाचा नव्हे. एक गुण दिला. जिन्यात दोन मुली भिंतीला टेकून कसल्याशा आकड्यांवरून भांडत होत्या. त्यांना दाखवायला बसवलं असावं असं वाटेना. इतकं वाईट कुणी पढवून भांडत नाही.

तिसऱ्या दाराशी एक जाडसर बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“आलात? दुपारी दोनला येणार होता ना तुम्ही?”

ती काही बोलायच्या आत बाईने तिला आत घेतलं. प्रयोगशाळेतल्या टेबलावर पांढऱ्या कोटांचा ढीग होता. शनिवारी येणाऱ्या मुलांना घालायला द्यायचे होते, आणि तपासायला, बटणं लावायला बाहेरून एक बाई मागवली होती. ती बाई आपण नाही, असं सांगायला दुर्बिणीने तोंड उघडलं. मग ढिगाकडे बघितलं. मग तोंड मिटून पहिला कोट उचलला आणि उलटा केला.

बाहीवर थेंबाथेंबांची भोकं होती आणि आतून रफू केलेलं होतं. असलं बारीक रफू तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सुलट बाजूने दिसायचंही नाही. दुसरा कोटही तसाच, पण त्याचं रफू जुनं, धुवून धुवून पिवळं पडलेलं. तिसऱ्याच्या खिशावर जळल्याचा डाग.

“हे कुणी केलं?”

“मीच. दुसरं कोण करतंय?” प्रयोगशाळेतली बाई म्हणाली. “ॲसिड उडवतात कार्टी. सांगून दमले.”

“मुलीपण?”

“मुलीच जास्त. मुलगे लांब उभे राहतात.”

“नवे नाही मागवले? शनिवारी लोक बघणार.”

“बघू देत की! काम करतात म्हणून भोकं पडतात. कपाटात ठेवलेल्या कोटाला कशाला पडतील?”

दुर्बिणीने सुई ओवली. सात बटणं घट्ट केली, झालेले कोट भिंतीवरच्या खुंट्यांना टांगले. करता करता विचारून घेतलं: मुली संध्याकाळी किती वाजता निघतात, रस्त्यात दिवे आहेत का, सोडून किती जातात. शेवटच्या प्रश्नाला बाईने हातातला कोट खाली ठेवला. “जातात हो काही. गेल्या वर्षी पाच गेल्या. पहिल्या परीक्षेनंतर. मला वाईट वाटतं.”

ही पाचची गोष्ट गुळगुळीत कागदावर नव्हती. पण ती सांगताना बाईने नजर चुकवली नाही.

तेवढ्यात दारात धापा टाकत दुसरी बाई आली, हातात बटणांचा डबा. प्रयोगशाळेतल्या बाईने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

“मग तुम्ही कोण?”

“माझी मुलगी येणार आहे शनिवारी,” ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडून चालती झाली.

घरी आली तेव्हा लेक वही घेऊन बसली होती आणि नवरा रेडिओ उघडून त्याच्या आत बघत होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच विचारलं, “साडेअकरा ते एक काय आहे?”

“तू वही बघितलीस?”

“बघितली. काय आहे?”

“काही नाही! आत्याचे गुडघे. जिने चढल्यावर तिला तास-दीड तास बसावं लागतं.”

रेडिओमागून खुदकन आवाज आला. मोटारसायकलवाला मुलगा गॉगलसकट नाहीसा झाला.

“आणि मी का नको?”

लेक थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. “शाळेच्या सभेत तू मुख्याध्यापकांच्या कोटाचा दोरा ओढलास. सगळ्यांसमोर. उसवला तो, आई.”

“उसवणारच होता.”

“हो. पण तुझ्या हातून कशाला?”

तिने डब्याच्या पिशवीतून फॉर्म काढला. घडीवर तेलाचा डाग पडला होता. पुन्हा एकदा सगळा वाचला, बारीक अक्षरातलंसुद्धा, आणि खाली सही केली.

“आत्यालाच ने. शनिवारी आमचा माल निघतो. आणि कोट देतील तेव्हा तिसऱ्या खुंटीवरचा घे. त्याची बटणं मी लावलीत.”

लेकीने टोपण हातातच धरलं. “तू गेली होतीस?”

“म्हणजे काय! बघितल्याशिवाय सही करते होय?”

“लिफ्ट कशी आहे तिथली?” नवऱ्याने विचारलं.

“बंद.”

“मग खरी जागा आहे,” तो म्हणाला.

लेक हसली नाही. तिने वही पुढे ओढली, साडेअकरा ते एकच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं. “आई, आत्या बसेल तेव्हा मी एकटीच असेन. काय विचारू त्यांना?”

एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

“लिही. गेल्या वर्षी पाच मुली सोडून गेल्या, त्या का गेल्या? आणि उत्तर देताना माणूस कुठे बघतो, ते बघ.”