सुकदेवची तीन दिवसांची अंडी

दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्या जळगावच्या कॉलेजने आठशे चाळीस रुपयांची एकशे वीस अंडी घेतली. तीन दरपत्रके मागवून, सर्वांत कमी दराची. कागद चोख होते. अंड्यांतून काहीच निघाले नाही.

सुकदेव हा प्राणिशास्त्र विभागाचा परिचर. मूळ धुळे तालुक्यातला, नोकरी एकतीस वर्षे. साठा-रजिस्टर पेन्सिलीने लिहितो. पावती माग म्हटले की हसतो. दरवर्षी तो कुठल्याशा खेड्यातून विनापावती अंडी आणायचा. हिशेब माझ्याकडे, म्हणून यंदा मीच ते बंद केले.

त्या अंड्यांवर त्याच विभागातल्या मृणालीची पीएच.डी. अडली होती. तिची शिष्यवृत्ती २८ फेब्रुवारीला संपणार होती आणि अजून दहा गर्भ हवे होते. अंडी तीन दिवस उबवायची, गर्भ काढून रंगवायचा. एक ठरावीक जनुक जिथे चालू असेल तिथेच निळा रंग धरतो.

"सर, जनुके सगळ्या पेशींत तीच असतात," ती म्हणाली. "पण पंखाच्या कोंबात हे जनुक फक्त मागच्या कडेला चालू होतं. त्यानं बोटांचा क्रम ठरतो."

"मग बाकीच्या पेशींत ते कशाला ठेवायचं?"

"असतं, पण बंद. शेजारच्या पेशींकडून इशारे येतात आणि डीएनएचाच एक लांबचा तुकडा बटणासारखा काम करतो."

हे असले कामकाज माझ्या कार्यालयात चालले असते तर लेखापरीक्षकाने मला उभे केले असते.

आठ तारखेला सुकदेवने एक अंडे दिव्यासमोर धरले. आत रक्तवाहिन्यांची लाल रेघ नाही, काही नाही.

"भाऊसाहेब, पोल्ट्रीत कोंबडा ठेवतस का कोनी? कोंबडाच नही, ते अंडामा काय व्हई?"

"मग आधी का बोलला नाहीस?"

"बोलनू ना! तुम्हीच म्हननात, दरपत्रक आन. कोंबडीले काय शिक्का राहस?"

विभागातले सगळे हसले. मी त्याला कामचुकार म्हणालो. तो मान हलवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो एसटीने भडगावजवळच्या आपल्या नेहमीच्या खेड्यात गेला आणि तिथल्या कुंदाबाईंच्या घरच्या कोंबड्यांची छत्तीस अंडी कोंड्याच्या खोक्यात, मांडीवर धरून आणली. प्रत्येकावर पेन्सिलीची खूण केली. पुढे तीन दिवस तो उबवणीच्या पेटीपाशीच होता. हजेरीवर सही करायलाही आला नाही. मी दोनदा निरोप पाठवला.

गुरुवारी त्याने दिव्यासमोर अंडी तपासली. एकोणतीस अंड्यांत लाल जाळे दिसले. पुढच्या आठवड्यात मृणालीने मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला बोलावले. तांदळाहून लहान कोंब, मागच्या कडेला निळा ठिपका, बाकी कोरा. तिला अकरा गर्भ नीट मिळाले. प्रबंधाचे काम मुदतीत झाले.

कुंदाबाईंचे पैसे मी साध्या कागदावर सही घेऊन दिले. एसटीची तिकिटे सुकदेवने टाकून दिली होती. त्याचे जाण्यायेण्याचे एकशे साठ रुपये देणे बाकी आहे.