परत आलेलं वाण

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या सुपरमार्केटात कुठला माल कुठे मांडायचा, हे सुनेत्रा ठरवी. चिनी नववर्ष जवळ आलं की ती दारातच बिअरच्या खोक्यांची रास रचायची. वळसा घातल्याशिवाय आत शिरायची सोय नसे. "आपण मांडायचं काम करतो, पिणारा पितो," असं ती अगदी सहज म्हणे.

यंदा नाताळात बिअरवर फुकट द्यायचे जाड काचेचे मग उरले. फुकटचं सोडेल ती सुनेत्रा कसली! तिने लेबलं खरवडली, सगळे मग घासले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले. मठ्ठ्याला छान आहेत, म्हणून बायकाही खूश.

दुसऱ्या दिवशी शेजारची अनघा मग घेऊन दारात उभी.

"वाण परत करू नये, कळतं मला. पण हा घरात नको, ताई."

अनघाचा नवरा सुबोध मरीन इंजिनिअर. दारूपायी त्याची जहाजावरची नोकरी गेली होती. गणपतीपासून त्याने थेंबाला हात लावला नव्हता. हे सगळं सुनेत्राला ठाऊक होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, माझ्या डोक्यातच आलं नाही."

"हा मग परत करता आला, ताई. तुमच्या दुकानाच्या दाराचं काय करू? काल आपणहून दूध आणायला निघाला. ती रास बघून दारातूनच फिरला."

सकाळी सुनेत्राने बिअर मागच्या भिंतीला नेली आणि दारात चिनी नववर्षाला शुभ मानल्या जाणाऱ्या संत्र्यांच्या पेट्या रचल्या. संध्याकाळी सुबोध आला. दाराशी घुटमळला, मग सरळ आत जाऊन दूध घेऊन आला.

"आज संत्री पुढे?" त्याने विचारलं.

"सण आहे ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तो आला. तिसऱ्या दिवशी मॅनेजर आपल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागला. "सेल डाउन ऑलरेडी, लाह! पुट बॅक." लोकांच्या वाटेत काय ठेवतो याचा विचार दुकानानेही करायला हवा, असं सुनेत्रा पहिल्यांदाच तोंडावर बोलली. बिअरची रास दुपारीच दारात परत आली.

हल्ली घरी जाताना ती दुधाची पिशवी अनघाच्या दाराला अडकवते. अनघा आभार मानते. सुबोध बाहेर येत नाही. ते दोन दिवस दूध त्याने स्वतः आणलं होतं.