मिटलेलं टाचण

बी.एड.च्या वर्गात ते माझे विद्यार्थी होते, पण माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. भिवापूरकडच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवून मग प्रशिक्षणाला आलेले. माझी व्याख्याने ते पाठाच्या टाचणात सुबक अक्षरात उतरवत आणि सरावपाठाला मुलांसमोर उभे राहून ते टाचण वाचत सुटत. "अहो, मुलांकडे बघा," असे सांगून मी थकले होते. ते "हो बाई" म्हणत आणि पान उलटत.

महाल भागातल्या शाळेत त्यांचा शेवटचा, परीक्षेचा पाठ होता; गुण द्यायला मी मागच्या बाकावर बसले होते. तो बिघडला तर वर्ष वाया जाणार होते. विषय बाष्पीभवन. व्याख्या वाचून होताच एक मुलगी म्हणाली, "सर, काहीच नाही समजलं."

त्यांनी टाचण मिटले. "तुह्या घरी मिरच्या वाळवतात काय वं? वाळली का मिरची हलकी काहून होते? पाणी कुठं गेलं तिचं?"

सगळा वर्ग बोलायला लागला.

तास संपल्यावर ते घाबरून माझ्याकडे आले. "माफ करा बाई, टाचण सुटलं. पुन्हा घेऊ काय पाठ?"

"अहो, ज्ञाताकडून अज्ञाताकडे म्हणजे हेच! वर्षभर मी दुसरं काय सांगत होते?"

"हे? हे तं मी गावात रोजच करत होतो. मले वाटलं, ट्रेनिंग झालेल्या मास्तरानं असं नाही करायचं."

मी त्यांना भरपूर गुण दिले आणि सायकल काढली. इतवारीचा बाजार ओलांडेपर्यंत मी चिडलेलीच होते; त्यांच्यावर नाही, माझ्याच व्याख्यानांवर.